आडवे मासे

वहिनींचा पारा चढला असेल तर कामाला येणारी माणसं आधी दाराबाहेर थांबून कानोसा घ्यायची आणि मगच आत पाऊल टाकायची. त्या सकाळी कानोसा घ्यायची गरजच पडली नाही. आवाज जिन्यापर्यंत येत होता.

"भावजी, हा मासा तुम्हाला जिवंत दिसतोय?"

"कल्ले हलतायत ना, वहिनी. मग जिवंतच."

"मग आडवा का पडलाय? वामकुक्षी चाललीय त्याची?"

ही प्रयोगशाळा वहिनींच्या नवऱ्यानं काढलेली. काम असं की काचेच्या टाक्यांत मासे सोडायचे, पाण्यात कारखान्याचं द्रव्य मिसळायचं, एका टाकीत थोडं, पुढच्या टाकीत जास्त, त्याच्या पुढच्या टाकीत आणखी जास्त, आणि चार दिवस बघत राहायचं, कुठल्या पाण्यात किती मासे मरतात. एका टाकीत नुसतं चांगलं पाणी, ताडून बघायला. त्यावरून ठरायचं, ते द्रव्य नदीत सोडू द्यायचं की नाही. नवरा गेल्यावर धाकट्या दिरानं गिऱ्हाइकं सांभाळली आणि वहिनींनी टाक्या. दिराची जीभ गोड, वहिनींची तिखट. दुकान चालायला दोन्ही लागतात. पण अहवालावर सही चालायची ती एकट्या वहिनींची, कारण परवाना कचेरीत तपासनीस म्हणून नोंद त्यांची होती.

या खेपेला कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं द्रव्य आलं होतं. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून वापरतात ते. दिसायला नितळ, वासही नाही. मासे आधी वर येऊन तोंडं उघडायला लागले, मग गिरक्या घ्यायला लागले, मग एकेक करून कलंडले. आज चौथा दिवस. मधल्या टाकीपासून शेवटच्या टाकीपर्यंत सगळे तळाला आडवे पडले होते, एक डोळा खालच्या काचेला दाबलेला, दुसरा छताला लागलेला. मासा मेला की नाही हे बघायची रीत म्हणजे शेपटीला काचेची कांडी हळूच लावायची. हलला तर जिवंत. वहिनी सकाळपासून कांडी लावत होत्या आणि प्रत्येक शेपूट जराशी थरथरत होती. मेला एकही नव्हता.

तेवढ्यात कारखान्याचा माणूस आला. कडक इस्त्रीचा सदरा, आणि मालक बोलेल तेच बोलायची सवय, म्हणून त्याला मागे सगळे पोपट म्हणत. त्यानं टाक्यांवरून नजर फिरवली आणि टाळी वाजवली.

"वा! एकही दगावला नाही!"

"घटका मोजतायत ते," वहिनी म्हणाल्या.

"मोजू देत की, मॅडम. आपण मेलेले मोजायचे."

"उद्या तुम्ही असे फरशीवर पडलात, आणि पायाला काठी लावल्यावर नुसता अंगठा हलला, तर तुमच्या बायकोनं काय म्हणायचं? आज ह्यांची तब्येत झकास आहे?"

पोपट हसला. भावजीही हसले, जरा उशिरा.

त्याला जिन्यापर्यंत पोचवून भावजी परत आले तेव्हा त्यांच्या आवाजात साखर होती. "वहिनी, मासे कसे वागले ते वेगळ्या पानावर लिहितो ना आपण, ते पान या वेळी जोडायचं नाही. गिऱ्हाइकानं मागितलेलं नाही."

परीक्षेची वेळ संपल्याबरोबर वहिनींनी आडवे मासे जाळीनं उचलले आणि चांगल्या पाण्यात सोडले. उठतात का बघू. एकही उठला नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तर कल्ले थांबलेले होते. कांडी लावून काही उपयोग नव्हता, तरी त्यांनी प्रत्येकाला लावली.

"मेले सगळे," त्या म्हणाल्या.

"परीक्षा काल संपली, वहिनी. आजचं मरण धरत नाहीत."

"मासे तुमच्या घड्याळात बघून मरतात का हो?"

"चिडू नका. दादा असता तर त्यानं समजून घेतलं असतं. व्यवहार कळायचा त्याला."

आता मात्र वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दादा असता तर आधी ही कांडी तुम्हाला टोचून बघितली असती! अजून काही हलतंय का म्हणून!"

बाहेरच्या खोलीत कोणाच्या तरी हातून बरणी सुटली. वहिनी खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सगळं लिहून काढलं. मेले एकही नाहीत. मधल्या टाकीपासून पुढचे आडवे सगळे. चांगल्या पाण्यात घातल्यावरही उठले नाहीत, मेले. खाली सही ठोकली आणि कागद दिराच्या छातीशी धरले.

"न्या. यातलं एक पान काढलंत तर सहीही खरवडून काढा."

भावजींनी कागद घेतले. साखर संपली होती. "ते दुसरीकडे जातील, वहिनी. दुसरा कोणीतरी मेले शून्य एवढंच लिहून देईल. नदी काही वाचणार नाही. बुडू ते आपण."

हे खरं होतं. खोटं असतं तर वहिनींना इतकं झोंबलं नसतं.

झालंही तसंच. कारखान्यानं दुसरी प्रयोगशाळा गाठली आणि तिथला कागद परवाना कचेरीत पोचला. भावजींनीच येऊन सांगितलं. चेहरा जिंकल्याचाही होता आणि रडवेलाही. "एकही मासा मेला नाही असं लिहिलंय. आणि खोटं काहीच नाही हो त्यात."

वहिनींनी पर्स उचलली.

"कुठं निघालात? वहिनी, गिऱ्हाइकाचं बाहेर बोलायचं नसतं. नोंद रद्द होईल तुमची!"

"बोलत नाही. विचारायला चाललेय."

परवाना कचेरीतला कारकून डबा उघडण्याच्या बेतात होता. वहिनींनी टेबलावर दोन्ही हात टेकले.

"रंगाच्या कारखान्याचा अहवाल आलाय ना? त्यातले मासे पोहत किती होते?"

"मेले शून्य, बाई."

"मेले नाही विचारलं. पोहत किती होते?"

त्यानं कागद उलटसुलट केला. "तसा रकाना नाही इथं."

"मग फोन करून विचारा त्यांना."

"असं कोणी विचारत नाही."

"म्हणून तर नद्यांची गटारं झाली! कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही, सगळे नियमानं चालतात आणि खाली पाण्यात एक जीव धड उभा राहत नाही! तुम्ही लावताय फोन की मी लावू?"

शेजारच्या टेबलावरच्या माना वळल्या. कारकुनानं डबा बाजूला सारला आणि फोन लावला, कटकट मिटावी म्हणून. पलीकडे कोणीतरी उचलला. त्यानं प्रश्न विचारला, पुन्हा विचारला. मग कारकुनानं फोनवर हात ठेवला.

"ते विचारतायत, ही चौकशी कोणाची? नाव काय सांगू? तुमचं नको असेल तर राहू दे, बाई. मी ठेवून देतो."

नाव सांगितलं की नोंद गेली, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. नोंद गेली की सही गेली, सही गेली की टाक्याही गेल्या. त्यांनी फोन त्याच्या हातातून ओढून घेतला आणि आपलं नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. पलीकडचा म्हणाला, नीट ऐकू आलं नाही.

मग त्यांनी ते ओरडून सांगितलं.