गार पडलेला हॅमस्टर

"अगदी तसाच तांबूस द्या. मुलगी शाळेतून यायच्या आत पिंजऱ्यात दिसला पाहिजे," म्हणत त्याने रिकामा पिंजरा काउंटरवर ठेवला. दुकानाच्या मालकीणबाई जागच्या हलल्या नाहीत. आधीचा जीव कसा गेला हे कळल्याशिवाय दुसरा हातात द्यायचा नाही, असा त्यांचा खाक्या होता.

"कसा म्हणजे? सकाळी गार पडला होता. पुरला गॅलरीतल्या कुंडीत."

"पिंजरा कुठे ठेवायचात?"

"गॅलरीतच. घरात वास येतो हो."

"या थंडीत?" बाई कडाडल्या. "अहो, फार गारठला की हा मेल्यासारखा झोपतो. श्वास चालू असतो, पण इतका सावकाश की कळत नाही. हाताच्या उबेत धरून बसलं, तर हळूहळू जागा होतो. अंग ताठ होतं की मऊ?"

अंग मऊ होतं, लोकरीच्या गुंड्यासारखं. आई म्हणालीही होती, "अरे, मिशी हलली रे त्याची." "तुला धड दिसतं तरी का?" म्हणून त्यानेच तिला गप्प केलं होतं.

"पुरून किती वेळ झाला?" बाईंनी विचारलं.

तो निघाला तेव्हा आई कुंडीपाशी फतकल मारून बसली होती आणि दोन्ही हातांनी माती उकरत होती. त्याने तिला दंडाला धरून उठवलं होतं, आत नेलं होतं, आणि गॅलरीच्या दाराला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली होती.