तांबडीचा मुका माज

शेजारच्या गोठ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं गव्हाणीवर चढून बसली होती. हातवाले बाबा अर्धवट मिटल्या डोळ्यांनी गायींच्या रांगेतून फिरले, एकीच्या पाठीवर तळवा टेकवला आणि अंगाला असा झटका दिला की पुढचे दोघे मागच्यांच्या अंगावर पडले.

"ही माजावर आलीय! आज भरवा, गाभण राहील!"

"पण बाबा, ही तर हंबरलीसुद्धा नाही..."

"मुका माज आहे, वेड्या! तो कानाला नाही, या हाताला ऐकू येतो. वीज वरून येते. मी नुसती तार!"

आणि बाबांनी सांगितलेल्या गायी खरोखरच गाभण राहत होत्या. बाबांची पेटी भरत होती.

गर्दीत ताई हात जोडून उभी होती. तिची तांबडी गाय वर्षभर गाभण राहिली नव्हती. दूध आटत आलेलं, जनावरांचा व्यापारी दोनदा बघून गेलेला. "उद्या बाबांना आपल्याकडे आणतो," धाकटा भाऊ कानाशी म्हणाला, तेव्हा तिचे डोळे भरून आले. आईच्या माघारी तिनंच त्याला वाढवलं होतं. गल्लीतल्या सगळ्या गोठ्यांत धार काढायला तोच जायचा.

त्याच संध्याकाळी ताईच्या दुसऱ्या गायीला, काळीला, तपासायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. काळी तीन महिन्यांची गाभण निघाली. हात धुता धुता त्यांनी विचारलं, "आणि तांबडीचं तापमान काय म्हणतं?"

"कसलं तापमान?"

"अहो, तुमच्या भावाला थर्मामीटर दिला होता मी. रोज पहाटे एकाच वेळी मोजायचं. माजाआधी तापमान जरा उतरतं, माजाच्या दिवशी अर्ध्या अंशाच्या आसपास चढतं. मुका माज त्यानं हाती लागतो. बोलला नाही तो?"

"तो तर म्हणाला, फुटला. कशासाठी होता, ते नाही सांगितलं."

पहाटे ताई वैरणीच्या गंजीआड उभी राहिली. धाकट्यानं तांबडीची शेपटी उचलली, थर्मामीटर लावला, आकडा वाचून गालात हसला. थर्मामीटर पुसून छपराच्या वाशात खोचला आणि तांबडीच्या दाव्याला एकावर एक दोन गाठी मारल्या. बाकी गायींना एकच गाठ होती.

तो चहाला गेला. ताईनं तांबडीची वरची गाठ सोडली आणि काळीच्या दाव्याला मारली. तिला अजूनही वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकत असावं.

बाबा आले, मागोमाग कालची गर्दीही आली. ते फिरले आणि थेट काळीपाशी थबकले. "अहाहा! काय माज उसळलाय!"

"बाबा," ताईनं बोलावून घेतलेल्या डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या, "तिच्या पोटात तीन महिन्यांचं वासरू आहे. जरा त्याला विचारून सांगता का?"

गोठा हसून हसून लोळला. बाबांनी चटकन धाकट्याकडे पाहिलं, आणि ती नजर सगळ्यांनी टिपली. ताईनं वाशातून थर्मामीटर काढला, दोन गाठींची खूण सगळ्यांना दाखवली. तोवर बाबा आपली तार गुंडाळून मागच्या दारानं पसार झाले होते.

"ताई, मी खोटं कुठं बोललो?" धाकटा पुटपुटला. "गायी खरंच माजावर असायच्या."

"तांबडीही यायची ना वर्षभर? तुला कळायचं ना?"

तो तांबडीच्या दाव्याची उरलेली गाठ चाचपू लागला.

"बाबाचा चमत्कार मोठा दिसावा, पेटीतला तुझा वाटा वाढावा म्हणून तिला वांझ ठरू दिलंस. मी व्यापाऱ्याला चहा देत होते, आणि तू शेजारी बसून साखर ढवळत होतास!"

त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी कृत्रिम रेतन करून तांबडीला भरवलं. मग जमलेल्या गोठेवाल्यांना त्या म्हणाल्या, "थर्मामीटर दुकानात मिळतो. ताप असला, ऊन लागलं तरी आकडा चढतो, म्हणून गायीकडेही नीट बघा. खरं ज्ञान दुसऱ्याला शिकवता येतं. जो शिकवत नाही, नुसता झटके देतो, त्याला प्रश्न विचारा."

तांबडी दुसऱ्या खेपेला गाभण राहिली. ताईनं भावाला घराबाहेर काढलं नाही. त्याचं ताट रोज वाढलं. गोठ्याची किल्ली मात्र पुन्हा कधी त्याच्या हाती दिली नाही.