चार हजार एकाहत्तर

बाटलीवरचा आकडा वाचला आणि ब्लीचचा मग हातातच राहिला.

चार हजार एकाहत्तर.

हा आकडा मला वाचता येत नव्हता तेव्हापासून पाठ आहे. तेरा महिने इस्पितळाच्या प्रत्येक खिडकीवर तो सांगितला होता. माझ्या मुलाचा केसपेपर नंबर. मुलगा साडेसहा वर्षांचा होता. साखरेच्या डब्यापासून हलत नसे म्हणून आम्ही त्याला मुंगळ्या म्हणायचो. मेंदूच्या देठात गाठ निघाली. यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तो गेला, पाठोपाठ नवराही गेला, आणि त्याच इस्पितळामागच्या प्रयोगशाळेत मी बाटल्या धुवायला लागले. त्याला आता अकरा वर्षं झाली. वापरलेली बाटली आली की ब्लीच ओतायचं, वीस मिनिटं थांबायचं, मग मोरीत रिकामी करायची. आतलं गुलाबी पाणी पिवळं पडतं, मग पांढरं. बाटलीवर काय लिहिलंय याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. यंदा प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंनी जेवणाच्या सुट्टीत मला अक्षरं शिकवली, आणि मावशींना वाचता येतं म्हटल्यावर नष्ट केलेल्या बाटल्यांचं रजिस्टर माझ्याकडे आलं. तो रजिस्टरचा पहिला आठवडा होता.

मी बाटली तशीच घेऊन बाईंकडे गेले. विचारलं, हा नंबर कुणाचा. बाई म्हणाल्या, एका लहान मुलाच्या गाठीच्या पेशी आहेत, फार जुन्या. आता असे नंबर घालत नाहीत, तेव्हा केसपेपरचाच घालायचे. का, काय झालं?

"माझा आहे तो," मी म्हटलं.

बाई उभ्या होत्या, त्या खुर्ची न बघताच बसल्या.

मग त्यांनी कपाटातून फाईल काढली. आतल्या संमतीच्या कागदावर निळा अंगठा होता. माझाच. मला तो दिवस आठवला. नवरा बाहेर भिंतीला टेकून बसला होता आणि धाकटे दीर कागद घेऊन आले होते. म्हणाले होते, वहिनी, इथे अंगठा द्या, म्हणजे पोराला घरी नेता येईल.

मी तिथूनच भाऊजींना फोन लावला. विचारलं, तो अंगठा कशासाठी घेतला होता.

"डॉक्टरांनी विचारलं होतं, या आजारावर शोध लावायला तुकडा ठेवू का म्हणून. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नाही."

"म्हणूनच नाही सांगितलं, वहिनी."

मी फोन ठेवला, भाऊजी काय म्हणाले ते बाईंना सांगितलं. मग विचारलं, म्हणजे तो जिवंत आहे का? त्यांनी सावकाश, शिकवताना सांगायच्या तसं सांगितलं. तो नाही. त्याची गाठ जिवंत आहे.

ज्या गाठीनं पोराला नेलं ती अजून वाढतेय, आणि मी तिच्या बाटल्या धुतेय. अकरा वर्षांत किती वेळा ब्लीच ओतलं असेल, हिशेब नाही.

बाई पुढे सांगत होत्या. या पेशी नऊ देशांत गेल्या आहेत. मुंगळ्या कधी एसटीत बसला तरी त्याला उलटी व्हायची. एक नवं औषध यांच्यावर आधी चाललं, मग उंदरांवर. गाठ जात नाही, पण वाढायची थांबते. पुढच्या महिन्यात पहिल्या सहा मुलांना देणार आहेत. चालेलच असं नाही.

मग त्या म्हणाल्या, "पण अंगठा फसवून घेतलेला असेल, तर मावशी, तो अंगठा आम्हाला चालणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर इथलं सगळं थांबवायला मी वर लिहीन. आहेत तेवढ्या बाटल्या नष्ट करू."

"नष्ट कोण करणार? ते माझंच काम."

बाईंचे डोळे भरले. मी कागद मागितला. त्या वाचून दाखवायला लागल्या तर म्हटलं, राहू द्या. जोडाक्षरांवर अडत, बोट ठेवून, दोन्ही पानं मी वाचली. अर्धा तास गेला असेल. 'भविष्यातील रुग्णांच्या उपयोगासाठी' ही ओळ तीनदा वाचली. त्या सहा मुलांच्या आया आत्ता कुठल्या खिडकीवर कुठला आकडा सांगत असतील, असं मनात आलं.

अंगठ्याखाली जागा होती. तिथे सही केली, आजची तारीख घातली.

"एकच सांगते. या नंबरच्या बाटल्या दुसऱ्या कुणी टाकायच्या नाहीत."

बाईंनी मान हलवली.

मोरीपाशी परत आले. इतका वेळ हातात धरलेली बाटली अंगणात खेळून आलेल्या पोराच्या हातासारखी कोमट होती. ब्लीच ओतलं. रजिस्टरमध्ये आकडा लिहिला, वेळ लिहिली. एरवी त्या वीस मिनिटांत मी उरलेल्या बाटल्या घासून घेते. त्या दिवशी नळ बंद केला, स्टूल ओढलं आणि गुलाबी पाणी पांढरं होईपर्यंत जवळ बसून राहिले.