चोवीस तुकड्यांचा ग्राफ

माझी नात सिद्धेश्वरी कॉम्प्युटरसाठी बारकी बारकी ॲप लिहिते. एक ॲप माऊसचा बाण लिंबाएवढा करतं, एक कोपऱ्यात तिथी दाखवतं. सगळी धड चालतातच असं नाही. तिथीवालं एकदा सलग तीन दिवस एकादशीच दाखवत होतं. पहिली चाचणी नेहमी माझ्या कॉम्प्युटरवर. "आज्जी, तुझ्या हातात टिकलं ते कुठंही टिकेल," असं तिचं म्हणणं.

मागच्या सोमवारी तिनं 'झाडू' नावाचं ॲप घातलं. कॉम्प्युटर सुरू झाला की ते पडद्यावरच्या फाइली नावाप्रमाणे रांगेत लावतं. मला सांगायला ती विसरली. मंगळवारी सकाळी बघते तर पडद्यावर मांडलेला माझा चादरीचा ग्राफ मोडलेला.

सव्वीस वर्षं मी चादरीच्या कारखान्यात डिझाइनं काढली. चौकटीच्या कागदावर मी घरं भरायची आणि शेजारी बसलेली कमलम्मा त्यावरून मागाला नक्षी सांगणाऱ्या कार्डांना भोकं पाडायची. मी ओळ वाचायची, "तीन मार, दोन सोड", म्हणजे तीन भोकं पाड, दोन घरं सोड, आणि तिचा हात चालायचा. कारखाना बंद झाला तेव्हा कमळवेलीच्या चादरीचा ग्राफ मी घरी आणला. गेल्या वर्षी कागद हातात तुटायला लागला, म्हणून हाताला येतील तसे चोवीस तुकडे स्कॅन केले. मूळ कागदाचा भुगा झाला. फाइलींना स्कॅनरनं दिलेली नावं तशीच राहिली. कुठला तुकडा कुठं बसतो हे कळावं म्हणून मी त्या फाइली पडद्यावर जागच्या जागी मांडून ठेवल्या होत्या. दुसरीकडे कुठं लिहून ठेवावं, हे सुचलंच नाही. ग्राफ असाच भिंतीवर लावायची सवय.

कमलम्माची नजर दोन वर्षांपूर्वी साखरेनं गेली. ती चादर एकदा हातानं चाचपायची, एवढंच तिचं मागणं होतं. त्या रविवारी ती कायमची हुबळीला मुलाकडे जाणार होती. आमच्या ओळखीच्या गुरुराजचे माग आता कॉम्प्युटरवर चालतात. गुरुवारी संध्याकाळपर्यंत फाइल द्या, शुक्रवारी एक माग मोकळा आहे, नंतर दोन महिने जमणार नाही, असं त्यानं सांगितलं होतं.

सिद्धेश्वरीचा चेहरा उतरला. मी रागावले नाही असं नाही. पण ती लगेच दुसरं ॲप लिहायला बसली. एका तुकड्याची कड दुसऱ्याच्या कडेशी जुळते का, ते तपासणारं. बुधवारी दुपारपर्यंत सोळा तुकडे जागेवर बसले. उरलेल्या आठांत वेलीची नुसती पानं होती, कडा सारख्याच. ॲप कुठलाही तुकडा कुठंही बसवायला लागलं.

मग तिचा लॅपटॉप घेऊन आम्ही रिक्षानं कमलम्माकडे गेलो. ती कॉटवर बसली होती. झालेलं सगळं सांगितल्यावर तिनं सिद्धेश्वरीला जवळ बसवून घेतलं आणि मला म्हणाली, "वाच की मग."

मी जोडाजवळच्या ओळी वाचत गेले. ती मांडीवर बोटं आपटत होती. तुकडा चुकीचा असला की बोटं थांबायची.

"न्हाय, हितं न्हाय ते. हितं हात उजवीकडं सरकतो."

मी पुढचा तुकडा घ्यायची. दोन तासांत आठही बसले. खात्री म्हणून मी कोपऱ्याची शेवटची ओळ वाचली. "पाच मार, एक सोड, चार मार."

"तीन," कमलम्मा म्हणाली.

मी पुन्हा मोजलं. चारच होते.

"तुझ्या ग्राफात चारच हायत. पयल्या दिवसापासनं एक घर जादा हाय. मी ते भोक कदी पाडलंच न्हाय."

सिद्धेश्वरी माझ्याकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं.

"सांगितलं असतं तर चार दिवस माज्यासंगं डबा खाल्ला नसतास, दाक्षे."

हे खरं होतं. ती चादर मी काढली तशीच विणली जाते, असं मी कितीदा तरी लोकांना सांगितलं होतं.

"काय करू?" सिद्धेश्वरीनं हळूच विचारलं. "तुझा मूळ ग्राफ आहे."

"ते घर पूस," मी म्हणाले. "राहिलं तर तिच्या हाताला लागेल."

गुरुवारी चार वाजता फाइल गुरुराजला गेली. शनिवारी चादर आली. कमलम्मानं ती मांडीवर घेतली, वेलीवरून सावकाश हात फिरवत कोपऱ्यापर्यंत आली, तिथं बोट जरा दाबून धरलं आणि म्हणाली, "व्हय. हीच."