पंख्यातलं पीठ

पंख्याला सात पाती होती आणि प्रत्येक पात्याच्या पुढच्या कडेवर साधारण एक मिलिमीटर जाडीचा पांढरट थर. मी तो नखाने खरवडून बोटांत चोळला. धूळ करडी असते. हे पांढरं होतं, किंचित खरखरीत. जोंधळ्याचं पीठ.

"कुणाचा कॉम्प्युटर हा?" मी विचारलं.

"उचगावच्या गुंडू मास्तरांचा. सून भंगारात घाला म्हणून दिऊन गेलीया," विजयसिंहदादा म्हणाले.

मंगळवार पेठेतलं हे दुकान आम्ही दोघांनी काढलं, त्याला पंचवीस वर्षं होतील. दादा माझ्या थोरल्या भावाचे मित्र. गिऱ्हाईक त्यांनी बघायचं, जोडणी मी. माझं बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्समधलं. तेव्हा कॉम्प्युटर न्यायला अख्खं घर यायचं, डब्याला हळदकुंकू लावायचं आणि आमच्या हातावर पेढा ठेवायचं.

कॉम्प्युटरच्या मुख्य चिप दोन कंपन्यांच्या येत. मोठ्या कंपनीचा माल पुण्याचा वितरक देई. त्याची अट तोंडी होती: दुसरीची चिप दुकानात दिसली, की आपला माल बंद. दुसरी स्वस्त होती. मास्तर, टायपिंगवाले तीच मागत. मी दोन्ही चालवून तपासल्या होत्या. तापमानात दोन अंशांचाही फरक नव्हता. म्हणून वितरकाचा माणूस यायचा असला, की दुसऱ्या चिपचे कॉम्प्युटर आम्ही शेजारी आक्काताईंच्या गिरणीत नेऊन ठेवायचो.

"ह्ये जाडं दळू का बारीक?" आक्काताई दर वेळी विचारायच्या आणि पोत्यांमागे जागा करून द्यायच्या. माणूस गेला, की आम्ही तिघं गिरणीच्या पायरीवर चहा घ्यायचो. पट्ट्याची फटफट, ऊन पिठाचा वास. आपण कुणाला तरी फसवून मोकळे झालो, याचं हसू. ते दिवस मला अजून हवेसे वाटतात.

पीठ फटींतून आत जाईल, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चार-सहा महिन्यांत आठ कॉम्प्युटर तापून बंद पडून परत आले. उघडले तेव्हा कारण समोर होतं. दुसऱ्या चिपचे कॉम्प्युटर तापतात आणि आमच्याकडे दुरुस्तीला येतात, एवढीच कुणकुण वितरकाच्या माणसाला लागली. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. लिहून द्या." मी लिहिलं: 'तक्रार आलेल्या आठही कॉम्प्युटरांत या चिपचं तापमान मर्यादेपेक्षा जास्त आढळलं.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पिठाचा शब्द मात्र नव्हता, कारण मग पीठ तिथे का, हे सांगावं लागलं असतं.

त्या कागदाच्या प्रती जयसिंगपुरापर्यंत दुकानोदुकानी फिरल्या. वर्षभरात दुसरी चिप आमच्या भागातून गेली.

आता त्याच वितरकाची, दुसरीचा माल अडवल्याबद्दल, दिल्लीच्या आयोगाकडे चौकशी चालू आहे. अडवणूक आम्ही कधीच केली नाही, दुकानदारच ती चिप नको म्हणत होते, हे दाखवायला त्याने माझा कागद जोडलाय. सही तुमचीच का, आणखी काही सांगायचं आहे का, असं आयोगाने विचारलंय. ते पत्र दिवाळीपासून माझ्या खणात आहे. सोमवार ही शेवटची तारीख.

मी ब्रशने पाती साफ केली, त्याच दुसऱ्या चिपवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली आणि कॉम्प्युटर चालू केला. अर्ध्या तासाने तापमान घेतलं. एकेचाळीस अंश, मर्यादेच्या खूप खाली.

दादा बघत होते. "ताई, वीस वर्सं झाली. आता कशाला उकरायचं? पुण्यास्नं माल बंद झाला तर ही काय जोंधळं विकंल?"

'ही' म्हणजे त्यांची मुलगी तेजस्वी. आता काउंटर तीच सांभाळते.

"विकीन की," ती मान वर न करता म्हणाली. "तुमी दोगांनी कॉम्प्युटरात भरून विकलंच न्हवं?"

दादा हसले नाहीत.

"दादा," मी म्हणाले, "सोमवारी मी आयोगाला लिहून देणार आहे. चिपमध्ये दोष नव्हता, पंख्यात पीठ होतं. आणि ते गिरणीत कशामुळे न्यावं लागलं, तेही लिहिणार आहे."