उघड्या डोळ्यांनी ऐकणं

कॉलेजच्या पहिल्या मजल्यावरच्या त्या वर्गात बाकं एकामागे एक नव्हती. घोड्याच्या नालेसारखी वळवून मांडली होती, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसावं. पहिल्या दिवशी माईंना वाटलं, आता कुणीतरी ताटं घेऊन वाढायला येणार.

वर्ग इंग्रजीचा. अर्धे विद्यार्थी दूरच्या मुलुखातून पोटापाण्यासाठी आलेले, अर्धे कर्णबधिर. एकांची मायबोली तिकडे राहिलेली, दुसऱ्यांची हातांत. इंग्रजीच्या दारात दोघेही पाहुणेच, म्हणून कॉलेजनं त्यांना एकत्र बसवलं होतं. शिकवणाऱ्या बाईंना स्वतःला ऐकू येत नव्हतं. त्या हातांनी बोलत आणि शेजारी बसलेला दुभाषी ते इंग्रजीत म्हणून दाखवी. वर्गाचं लक्ष हवं असलं की बाई दिव्याचं बटण दोनदा खालीवर करत. लुक लुक. सगळ्यांच्या माना वर.

नालेच्या एका टोकाला माई बसत, दुसऱ्या टोकाला त्यांची कर्णबधिर सून. दोघी एकाच घरातून निघत, एकाच बसमधून येत, आणि वर्गात शिरल्या की दोन टोकांना जात.

"माई, तुमच्या घरात भिंतसुद्धा एवढी लांब नसेल हो," शेजारच्या बाकावरचा न्हावी म्हणायचा. तो माईंच्याच भाषेतला, त्यामुळे त्याची जीभ त्यांच्यापाशी मोकळी सुटायची.

"तू आपला कात्री चालव," माई म्हणायच्या. "जीभ नको."

पण भिंत होतीच. सून दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मेणाचे साचे करायचे, त्यात एकेक दात बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा. नखांच्या कडेला प्लास्टरची पांढरी रेघ कायमची. माई राहायला आल्या तेव्हा त्यांची जुनी कवळी हिरड्यांना टोचायची. सुनेनं कुणी न सांगता माप घेतलं आणि नवी करून दिली. अशी बसली की माई स्वतःचे दात विसरल्या. माई फोनवर बहिणीला हसून सांगायच्या, "सासूचे दात सुनेच्या हातचे! आता मी हिला चावू कशी, सांग?"

ते पहिल्या महिन्यातलं हसू. त्यानंतर काय बिनसलं ते माईंना कळेना. सून वाईट वागत नव्हती. वेळेवर चहा, औषधाची गोळी पाण्याच्या पेल्याशेजारी. पण जेवढ्यास तेवढं. नवऱ्याला हाक मारायची तर ती खोलीतला दिवा दोनदा लुकलुकवायची, मैत्रीण आली तर तिलाही तसंच. माईंना कधी नाही. माईंकडे काम असलं की समोर येऊन उभी राहायची, बोटानं वस्तू दाखवायची आणि निघून जायची. दुकानात गिऱ्हाइकाशी वागावं तशी.

मुलगा बोटीवर इंजिनिअर. महिनोन्‌महिने पाण्यावर. एका रविवारी त्याचा फोन आला, तेव्हा सून कामावर होती.

"आई, एक बोलू का? रागावणार नाहीस ना?"

"असं विचारलंस म्हणजे रागावण्यासारखंच असणार. बोल."

"बाळ येईल तेव्हा मी समुद्रावर असेन. तिची मैत्रीण येऊन राहते म्हणतेय. तू हे सत्र संपलं की थोडे दिवस मावशीकडे जाऊन ये. तिकिटाचं बघतोय मी."

माईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "नातवंड इथे आणि आजी मावशीकडे? मी काय केलं रे तिला?"

"केलं काहीच नाहीस. पण ती म्हणते, तिनं मनातलं सांगायला घेतलं की तू ऐकायचं बंद करतेस. बाळाच्या वेळी घरात तिला तिचं ऐकणारं माणूस हवंय."

"मी ऐकत नाही? अरे, तिचं ऐकता यावं म्हणून या वयात पाटीदप्तर घेऊन कॉलेजात जातेय मी!"

"मला ठाऊक आहे गं. पण ती आता काही सांगतच नाही. मी तरी इथून काय करू?"

माईंना राग आला नाही, त्याहून वाईट काहीतरी झालं. दुसरं काहीही म्हटलं असतं, कंजूष, कटकटी, लुडबुडी, तर त्यांनी हसून घेतलं असतं. पण ऐकत नाही? त्यांचं अवघं आयुष्य ऐकण्यात गेलं होतं. भजन असो, कीर्तन असो, नाहीतर शेजारणीचं रडगाणं. माई बसल्या की मांडी मोडायच्या नाहीत. नऊ भक्तींतली पहिली श्रवणाची, आणि आपल्याला गाता येत नाही, नाचता येत नाही, तर ही एक तरी नीट करावी, एवढीच त्यांची साधना. गाणाऱ्यानं सूर लावला, कथा काळजाला भिडली, की त्यांचे डोळे आपोआप मिटायचे. मग आत कुठेतरी दिवा लागायचा. गाणारे म्हणायचे, माई डोळे मिटून बसल्या की समजावं, आज आपलं चांगलं झालं.

गोष्ट उलगडली ती पुढच्या आठवड्यात, वर्गात.

बाई आपल्या लहानपणची हकीकत सांगत होत्या. शाळेत त्यांचे हात टेबलाला बांधून ठेवत, तोंडानं बोलायची सवय लागावी म्हणून. दुभाष्याचा आवाज खर्जातला, भरलेला. इंग्रजी शब्द निम्मे कळत होते, पण दुःखाला कुठे शब्दकोश लागतो? बांधलेले ते इवले हात माईंना दिसले आणि त्यांनी हळूच डोळे मिटले.

दुभाषी मध्येच थांबला. न्हाव्यानं कोपरानं ढोसलं. "माई! अहो, घोरू नका."

माईंनी डोळे उघडले. दिवे लुकलुकत होते आणि बाई थेट त्यांच्याकडे बघत होत्या.

"झोप आली का?" दुभाष्यानं बाईंच्या हातांचा प्रश्न बोलून दाखवला.

"नो, नो!" माई गडबडल्या. "आय लिसन. व्हेरी लिसन." आणि छातीवर हात ठेवून, डोळे मिटून, त्यांनी आपण कसं ऐकतो ते करून दाखवलं.

नालेच्या अर्ध्या भागात हसू पसरलं, अर्ध्या भागात नाही. बाईसुद्धा हसल्या नाहीत. त्या पुढे आल्या, माईंच्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि अगदी सावकाश बोलल्या. दुभाषीही तसाच सावकाश.

"तुमच्यासाठी याचा आवाज चालूच होता. माझं बोलणं मात्र तुमच्या डोळ्यांपाशी येऊन थांबलं. तुम्ही डोळे मिटलेत, म्हणजे माझ्यासाठी तुम्ही उठून निघून गेलात. आमच्यात भांडणात सगळ्यात शेवटी करतात ते हे."

 माईंना ती पहिल्या महिन्यातली संध्याकाळ आठवली. ओट्यापाशी उभी राहून सून काहीतरी सांगत होती; हातांनी, मध्येच कागदावर इंग्रजी शब्द लिहून, पुन्हा हातांनी. विषय तिच्या आईचा, एवढंच कळलं होतं. पोरीचा चेहरा बघून त्यांनी तेच केलं होतं, जे त्या प्रत्येक थोर दुःखापुढे करत आल्या. डोळे उघडले तेव्हा समोर कुणी नव्हतं. त्यांना वाटलं, भरून आलं असेल, गेली असेल आत.

त्यांनी नालेच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. सुनेनं सगळं बघितलं होतं. ती नखाच्या कडेचं प्लास्टर दुसऱ्या नखानं खरवडत होती.

परतीच्या बसमध्ये माईंनी तिच्या बाहीला हात लावला आणि वर्गात शिकलेली खूण केली, छातीवर मुठीचा गोल. चुकलं. सुनेनं मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. चूक कळली म्हणून जखम थोडीच भरते? ती ज्याची त्यालाच ठसठसते.

सत्र संपताना परीक्षा होती. जोडीजोडीनं. सांगणाऱ्यानं दिलेल्या विषयावर आधी आपल्या भाषेत सांगायचं, मग तेच समोरच्या संगणकाच्या पडद्यावर इंग्रजीत लिहायचं. ऐकणाऱ्यानं त्यावर इंग्रजीत प्रश्न विचारायचे. जोडीदार ज्याचा त्यानं निवडायचा. माई उठल्या, नाल ओलांडून पलीकडे गेल्या आणि सुनेसमोर उभ्या राहिल्या. आधी तिच्याकडे बोट, मग स्वतःकडे. मग दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांपासून तिच्या दिशेनं: मी बघीन.

 सुनेनं खांदे उडवले आणि बाईंना खूण केली, लिहा आमची नावं.

"घरचा कज्जा आता परीक्षकापुढे?" न्हावी कुजबुजला. "आणि ऐका, घरचं माणूस समोर असलं की हमखास बोबडी वळते. नापास व्हाल."

"झाले तर झाले."

"मग काय, पुढच्या सत्रात मी जुना विद्यार्थी म्हणून तुमची विचारपूस करायला येईन."

"पुढच्या सत्रात मी इथे असले तर ना," माई म्हणाल्या.

परीक्षेला खोली लहान होती. टेबलाच्या दोन बाजूंना दोघी, मध्ये तिरपा पडदा, बाजूला कॉलेजातल्याच दुसऱ्या विभागाची परीक्षक. तिला ऐकू येत होतं. सुनेच्या चिठ्ठीवर विषय निघाला: एक खोली.

सुनेनं हात उचलले. मग तिनं स्वयंपाकघर दाखवलं. माईंना वाटलं, आपलंच. पण नाही, हे दुसरं होतं. खिडकी उजवीकडे, स्टूल लहान. स्टुलावर लहान मुलगी. समोर आई. मुलगी बोलतेय, हात भराभर चालताहेत, शाळेतलं सगळं आजच सांगायचंय. आई दमलेली. आणि मग सुनेनं आपल्या आईचा चेहरा केला, आणि पापण्या खाली आणल्या. मुलीचे हात हवेत तसेच. मुलगी आईच्या गालाला हात लावते. पापण्या उघडत नाहीत.

मग ती पडद्यावर लिहायला लागली. माईंनी एकेक शब्द बोटानं धरून वाचला. *आई वाईट नव्हती. ती थकत असे. पण मी ठरवलं, माझ्याकडे बघ असं कुणालाही सांगणार नाही. मागून मिळालेलं बघणं मला नको.*

माईंची जन्माची सवय जागी झाली. पापण्या जड झाल्या. आत तो ओळखीचा काळोख वाट बघत होता, जिथे बसून त्या आजवर लोकांची दुःखं उरात धरत आल्या होत्या. देवापुढे मिटतात तसेच डोळे मिटायला आले होते. पण देव समोरच्या खुर्चीवर बसून डोळ्यांतच बघत असेल तर? माईंनी पापण्या ताणून उघड्या धरल्या. पाणी गालांवरून हनुवटीला आलं. रुमाल मांडीवर होता. त्यांनी उचलला नाही. पुसायचं तर डोळे झाकावे लागले असते.

"युअर क्वेश्चन, प्लीज," परीक्षक बाजूनं म्हणाली.

माईंनी ते ऐकलं. प्रश्न पाठसुद्धा होते: खोली केवढी, रंग कोणता. पण एवढं मोठं सांगितल्यावर भिंतीचा रंग विचारायचा? आणि परीक्षकाकडे वळायचं, तर नजर सुनेवरून काढावी लागणार होती. त्यांनी काढली नाही. हातांनीच त्यांनी खुणा जोडून जोडून विचारलं: मग? मुलगी? पुढे?

"इन इंग्लिश, प्लीज."

सुनेचा हात हळूहळू वर आला. ती उत्तर द्यायला लागली. इंग्रजीत नव्हे. बराच वेळ सांगत राहिली, आणि माई बघत राहिल्या. निम्मं कळलं, निम्मं नाही. परीक्षकानं दोनदा घसा खाकरला आणि मग कागदावर काहीतरी लिहून पेन खाली ठेवलं.

निकाल शुक्रवारी लागला. न्हावी पास. सून चांगल्या गुणांनी पास. माई प्रश्नांच्या भागात नापास.

त्या संध्याकाळी माई ओट्यापाशी भांडी घासत होत्या. नळ वाहत होता आणि त्या मनातल्या मनात ट्रंकेत काय काय भरायचं ते ठरवत होत्या. तेवढ्यात डोक्यावरचा दिवा गेला आणि आला. गेला आणि आला. माईंना वाटलं, बल्ब जाणार बहुतेक. मग साबणाचे हात तसेच वर धरून त्या गर्रकन वळल्या.

सून दारात बटणावर हात ठेवून उभी होती. तिनं फोन पुढे धरला. पडद्यावर कॉलेजची पुढच्या सत्राची नोंदणी होती आणि त्यात माईंचं नाव. मग फोन खिशात टाकून ती हातांनी बोलायला लागली, मास्तरीण बोलते तशी कडक चेहऱ्यानं: तुम्ही नापास. तीच यत्ता पुन्हा. बाळ मध्येच येणार, तेव्हा अभ्यासाला वेळ मिळणार नाही. आत्तापासून रोज सराव. माझ्याबरोबर.

माईंनी मान डोलावली. साबणाचा फेस कोपरापर्यंत ओघळला.

सुनेनं टेबलापाशी दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. एकीवर स्वतः पोट सावरत बसली आणि दुसरीकडे बोट केलं. माईंनी हात पुसले, नळ बंद केला आणि जाऊन बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तेच हातांनी म्हटलं. सांग.