परतीची गाडी

सुनेने आडवी रेघ ओढली, वर तीनशे लिहिले आणि खाली क्ष. पुढे उणे चिन्ह देऊन पुन्हा तीनशे, खाली क्ष अधिक दहा. टेबलापलीकडे सासरे चष्मा सावरत पुस्तकातले उदाहरण मोठ्याने वाचू लागले.

“‘बसचा वेग ताशी दहा किलोमीटरने जास्त असता, तर तीनशे किलोमीटरला एक तास कमी लागला असता.’ हे लिहिणाऱ्याने कधी घाट पाहिलाय का?”

“बाबा, उद्या पेपर आहे माझा.”

ते हसले. त्यांचा उभा जन्म बस चालवण्यात गेला होता. सून मात्र चाळिशीला टेकल्यावर शिक्षिका होण्याच्या परीक्षेला बसत होती. तिने छेद घालवले, वर्गसमीकरण मांडले, अवयव पाडले. उत्तरे दोन आली : पन्नास आणि उणे साठ. उणे साठावर तिने काट मारली.

“ते का खोडलंस?”

“वेग उणा कसा असेल? बस काय उलटी जाते?”

“माझी एकदा गेली होती,” ते म्हणाले. “चहाच्या थांब्यावर एक म्हातारा मागे राहिला. बरंच पुढे आल्यावर त्याची पिशवी दिसली. सगळे ओरडायला लागले, ‘येईल मागच्या गाडीने, चला!’ मीही कचरलो. तेवढ्यात एक मुलगी उठून म्हणाली, ‘वळवा गाडी.’ वळवली. म्हातारा रस्त्याकडे डोळे लावून बसला होता.”

“ती मुलगी म्हणजे सासूबाई?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली. चेहरा क्षणभर तरुण झाला.

“संध्याकाळी परतीलाही माझ्याच गाडीत बसली. गप्प होती. खोदून विचारलं, तेव्हा कळलं. त्या दिवशी तिची परीक्षा होती. हीच, शिक्षिकेची. उशीर झाला म्हणून आत घेतलं नाही.”

सुनेची पेन्सिल थांबली.

“रागावल्या असतील तुमच्यावर.”

“छे! पुढच्या वर्षी देईन म्हणाली.” ते बोटाने टेबलावरचा चहाचा डाग पुसत राहिले. “पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. मग घर, मुलं. तिने पुन्हा नाव काढलं नाही. मीही नाही.”

मुलांचा अभ्यास घेताना सासूबाई किती खुलायच्या, ते सुनेला आठवले. घड्याळ पाहून ती स्वयंपाकाला उठू लागली.

“बस तू,” सासरे बाह्या दुमडत म्हणाले. “पुढचं गणित घे. भाजी कुठे ठेवलीय, तेवढं सांग.”